दृढीकरण म्हणजे निरोप समारंभ नव्हे
(किशोरवयातील टप्पे आणि आपली जबाबदारी)



येत्या महिन्यापासून आपल्या धर्मग्रामात दृढीकरण संस्काराच्या तयारीचे वर्ग सुरू होत आहेत. नावनोंदणीच्या वेळी पालक आम्हा धर्मशिक्षकांना नेहमी तीन प्रश्न विचारतात. वर्ग किती वाजता सुटेल? ट्यूशनच्या वेळेशी तो जुळेल का? कपडे पांढरेच हवेत का? हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो म्हणजे, 'दृढीकरण झाल्यानंतर पुढे काय?' आजच्या पाठात आपण त्या चौथ्या प्रश्नाचा विचार करू या.

बारा वर्षांचा येशू

येशूच्या किशोरवयातील एकच प्रसंग शुभवर्तमानात आला आहे. तो संत लूकच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे. येशू बारा वर्षांचा असताना योसेफ आणि मरिया वल्हांडण सणासाठी त्याला घेऊन यरुशलेमला जातात. परतताना तो नातेवाइकांबरोबर असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालतात. मग शोधाशोध होते. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो. तो शास्त्र्यांमध्ये बसलेला असतो, त्यांचे ऐकत असतो आणि त्यांना प्रश्न विचारत असतो.

या प्रसंगातील तीन गोष्टींकडे लक्ष देऊ या. पहिली गोष्ट, आईवडिलांना आपला मुलगा कुठे आहे हे दिवसभर कळलेच नव्हते. पवित्र कुटुंबातही असे घडले! दुसरी गोष्ट, त्याने दिलेले उत्तर त्यांना समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. तिसरी गोष्ट, मरियेने वाद वाढवला नाही. तिने सारे मनात साठवून ठेवले. येशूही त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला.

म्हणजे मुलाने प्रश्न विचारणे, आईवडिलांना त्याचे उत्तर न उमजणे आणि तरीही दोघांनी एकमेकांना न सोडणे, हे सारे किशोरवयाचाच भाग आहे. ज्या घरात हे चालले असेल, त्या घराने आपले काही बिघडले आहे असे मानू नये.

चर्चमध्ये कोणत्या वयाला काय?

पुष्कळांना वाटते की दृढीकरणानंतर थेट लग्नापर्यंत ख्रिस्तसभेला आपल्याकडून काही नको असते. तसे नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यात या वयाचे टप्पे नेमून दिलेले आहेत.

१. सात वर्षे पूर्ण : मूल विचार करू शकते, असे ख्रिस्तसभा मानते. पोप संत दहावे पायस यांनी १९१० साली याच सुमाराच्या वयाला मुलांना पहिले कम्युनियन देण्याची मुभा दिली. त्याआधी मुले बरीच मोठी होईपर्यंत थांबत असत.

२. चौदा वर्षे पूर्ण : मांस वर्ज्य करण्याचा नियम लागू होतो. तसेच या वयाच्या पुढील व्यक्तीला स्नानसंस्कार घ्यायचा असेल, तर ती गोष्ट बिशपांच्या कानावर घालावी लागते. अशा व्यक्तीचा निर्णय ख्रिस्तसभा इतक्या गांभीर्याने घेते.

३. सोळा वर्षे पूर्ण : दृढीकरण झालेला आणि विश्वासाला साजेसे जीवन जगणारा मुलगा वा मुलगी दुसऱ्याची धर्मपिता किंवा धर्ममाता होऊ शकते. अकरावीतली ताई आपल्या धाकट्या मावसभावाची धर्ममाता! ही केवळ फोटोपुरती मानाची जागा नाही. त्या बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी तिच्यावर येते.

४. अठरा वर्षे पूर्ण : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवशी उपास करण्याचा नियम लागू होतो. साठाव्या वर्षाची सुरुवात होईपर्यंत तो पाळायचा असतो.

देशाचा कायदाही असेच टप्पे सांगतो. १९८८ सालच्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. विवाहासाठी मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ हवे. गिअरची मोटारसायकल चालवण्यासाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. तेव्हापासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. दहावी पास झाल्याचे बक्षीस म्हणून गाडीची किल्ली हातात देणाऱ्या बाबांनी हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक मोकळीक योग्य वयाला मिळाली, तरच ती मुलाच्या भल्याची ठरते.

ज्या टप्प्याला सोहळा नसतो

मुलाचा आवाज फुटतो, मिसरूड येते. मुलीला पाळी सुरू होते. हे टप्पे देवाने घडवलेल्या शरीराचे आहेत. मात्र त्यांच्याबद्दल आपल्या घरात बहुधा कुजबूज तरी होते किंवा थट्टा तरी. काही मुली त्या दिवसांत कम्युनियन घ्यायला बिचकतात, असे आमच्या पाहण्यात आले आहे. म्हणून स्पष्ट सांगतो : पाळीच्या दिवसांत चर्चमध्ये येण्यास, वाचन करण्यास किंवा कम्युनियन घेण्यास ख्रिस्तसभेची कोणतीही मनाई नाही. आयांनी ही गोष्ट मुलींना वेळेआधीच सांगावी. बाबांनीही मुलांशी बोलावे. आपण नाही बोललो, तर मोबाइल बोलणारच आहे.

संस्कारात खरे काय घडते?

आपल्या धर्मग्रामातील वयस्कर मंडळींना आठवत असेल, दृढीकरणाच्या वेळी बिशप गालावर हलकेच चापट मारत. ख्रिस्तासाठी सोसायला तयार राहा, असा त्याचा अर्थ होता. १९७१ साली पोप संत सहावे पॉल यांनी संस्काराचा विधी सुधारला, तेव्हापासून ती चापट गेली आणि तिच्या जागी शांतीचे अभिवादन आले. पण विधीचा गाभा तोच आहे. बिशप उमेदवारांवर हात पसरून प्रार्थना करतात, ज्ञान, समज, सल्ला, सामर्थ्य, विद्या, धार्मिकता आणि परमेश्वराचे भय ही पवित्र आत्म्याची सात दाने मागतात, आणि मग एकेकाच्या कपाळावर पवित्र तेलाने क्रुसाची खूण करतात. त्या वेळी ते प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारतात.

ही नावाची गोष्ट विसरू नका. तिच्याकडेच आम्ही येणार आहोत.

आमची एक चूक

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबर महिन्यात आपल्याकडे दृढीकरण झाले. त्या गटात दहावीचा एक मुलगा होता. वर्गाला वेळेवर यायचा, खुर्च्या लावायचा, फारसा बोलायचा नाही. पुढच्या जूनमध्ये आम्ही नेहमीप्रमाणे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला. मिस्सा संपल्यावर नावे आणि टक्के वाचले गेले. टाळ्या झाल्या, गुच्छ दिले गेले. तो मुलगा मागच्या बाकावर बसला होता. तो दोन विषयांत नापास झाला होता. चौथे की पाचवे नाव वाचले जात असताना तो बाजूच्या दाराने निघून गेला. पुढचे चार रविवार तो दिसला नाही.

आमच्यापैकी दोघे त्याच्या घरी गेलो. आई चहा ठेवायला आत गेली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, ज्याचं नाव वाचतात त्याच्याकडे सगळे बघतात. ज्याचं वाचत नाहीत त्याच्याकडेही बघतात."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ती यादी आम्हीच केली होती. सात महिन्यांपूर्वी ज्या वेदीसमोर बिशपांनी त्याला त्याच्या नावाने हाक मारली, कपाळावर तेल लावले आणि कोणतीही गुणपत्रिका मागितली नाही, त्याच वेदीसमोर आम्ही गुणांवरून नावे निवडली होती. अभ्यासू मुलांचे कौतुक जरूर व्हावे. त्यांनी कष्ट केलेले असतात. पण मिस्सेला लागून, वेदीसमोर, फक्त टक्क्यांची यादी वाचणे म्हणजे संस्काराने जे दिले ते आपणच अर्धे काढून घेणे होय. त्या घरात बसून आम्हाला हे कळले.

त्या मुलाचे पुढे काय झाले? पुरवणी परीक्षेत त्याचा एक विषय सुटला, एक राहिला. तो आता चर्चमध्ये येतो, पण दर रविवारी नाही. आम्ही त्याला 'का आला नाहीस' असे विचारत नाही. आला की त्याच्या शेजारी बसतो.

दार बंद झालेला एक वसईकर

परीक्षेत किंवा निवडीत मागे पडलेल्या प्रत्येक मुलाला संत गोन्सालो गार्सिया यांची गोष्ट सांगायला हवी. त्यांचा जन्म सोळाव्या शतकात आपल्या वसईत झाला. किशोरवयातच ते येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथे ते जपानी भाषा शिकले आणि धर्मशिक्षणाच्या कामात मदत करू लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी इच्छा होती, पण तो त्यांना मिळाला नाही. ज्यासाठी घर सोडले ते दारच बंद झाले. मग त्यांनी व्यापार केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू म्हणून दाखल झाले आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. तरुणपणी शिकलेली तीच भाषा आता देवाच्या उपयोगी पडली! ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मरण आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

कोवळ्या वयातील श्रद्धेचे आणखी एक उदाहरण आपल्याच काळातले आहे. इटलीतील कार्लो अकुतिस हा मुलगा १२ ऑक्टोबर २००६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने वारला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. संगणकावर बसून त्याने ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती जमवली आणि जगासमोर मांडली. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्याला संतपद दिले. पंधरा वर्षांचा मुलगा ख्रिस्तसभेचा 'उद्याचा' सभासद असतो, असे यानंतर कोणी म्हणू नये. तो आजचाच सभासद आहे.

मग आपण काय करावे?

धर्मग्राम परिषदेशी बोलून आम्ही धर्मशिक्षकांनी चार गोष्टी ठरवल्या आहेत.

१. बोर्डाच्या परीक्षेपूर्वी, फेब्रुवारीतील एका रविवारी, परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला नावाने पुढे बोलावून आशीर्वाद दिला जाईल. निकालानंतरचे कौतुक सभागृहात होईल. तेथे सर्वांना बोलावले जाईल आणि टक्के वाचले जाणार नाहीत.

२. दृढीकरणाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवली आहे : 'संस्कारानंतर मी कोणती सेवा करीन?' वाचन, गायन, वेदीसेवा, धाकट्यांच्या वर्गात मदत, आजाऱ्यांच्या घरी भेट, ध्वनियंत्रणा, यांपैकी काहीही चालेल.

३. धर्मपिता किंवा धर्ममाता निवडताना शक्यतो स्नानसंस्काराच्या वेळचीच व्यक्ती निवडावी, अशी ख्रिस्तसभेची इच्छा आहे. ते शक्य नसेल तर अशी व्यक्ती निवडा, की जिला मूल अडचणीच्या रात्री फोन करू शकेल. दूर राहणारा श्रीमंत काका त्यासाठी पुरेसा नाही.

४. दहावीचे वर्ष आले म्हणून मुलाला रविवारच्या मिस्सेतून सूट देऊ नका. आठवड्यात १६८ तास असतात. त्यातला एक तास देवाला दिल्याने कोणी नापास होत नाही. मात्र 'देव नंतर, आधी मार्क' हा धडा त्या वर्षी शिकवला, तर मूल तो आयुष्यभर विसरत नाही.

घरी एकत्र बसून बोलण्यासाठी

• आपल्या वेळी आपण 'मोठे झालो' असे आईबाबांना पहिल्यांदा केव्हा वाटले? मुलांना तो प्रसंग सांगा.
• मुलांनो, घरातील कोणती एक जबाबदारी तुम्ही स्वतःहून घ्यायला तयार आहात?
• आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहात असा कोणी किशोर आहे का, ज्याचे नाव गेल्या कित्येक महिन्यांत कोणी घेतलेले नाही? या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, बारा वर्षांचा असताना तू मंदिरात प्रश्न विचारलेस आणि नाझरेथच्या घरात आज्ञेत राहिलास. आमच्या मुलामुलींना प्रश्न विचारण्याचे धैर्य दे आणि आम्हाला ऐकून घेण्याची सहनशीलता दे. जे यशस्वी झाले त्यांना नम्र ठेव. जे मागे राहिले त्यांना तू नावाने हाक मार, आणि ती हाक त्यांच्या कानी पोहोचवायला आम्हाला पाठव. आमेन.