मिस्साचा खडक



याकोबाने उशाला घेतलेला दगड उभा केला आणि त्या जागेला 'बेथेल', म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले (उत्पत्ती २८). एका रात्रीचा अनुभव त्या नावात कायमचा राहिला. आयर्लंडमध्येही अशी नावे पुष्कळ आहेत. तेथील अनेक गावांच्या नावांतील 'किल' म्हणजे चर्च. किल्डेअर हे ओक वृक्षाचे चर्च, तर किल्केनी हे संत कॅनिस यांचे. डोंगरकपारीत 'कॅरिग अन अॅफ्रिन' नावाच्या जागा आढळतात. त्याचा अर्थ मिस्साचा खडक.

इ.स. १६९७ च्या कायद्याने महागुरू व मठवासी धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम झाला. १७०४ साली इतर धर्मगुरूंवर सरकारी नोंदणीची सक्ती आली. १७०९ साली नवी शपथ लादली गेली आणि बहुतेकांनी ती नाकारली. तेव्हा आडरानातला खडक हीच वेदी झाली. मिस्सा चालू असताना कोणीतरी टेकडीवर पहारा देई. सैनिक आले आणि धर्मगुरू वेदीपाशीच मारले गेले, अशा कथा गावोगावी सांगतात. १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या लोककथा वह्यांत उतरवल्या. त्यांत याही आहेत.

या कथा विवेकाने वाचाव्यात. प्रत्येक खडकावर रक्त सांडले, असा पुरावा नाही. काही ठिकाणी चर्च बांधण्याची ऐपत नव्हती म्हणूनही लोक खडकापाशी जमत. पण छळ खरा होता. महागुरू संत ऑलिव्हर प्लंकेट यांना १ जुलै १६८१ रोजी लंडनमध्ये देहदंड झाला.

आठवणीचे विषही होऊ शकते. उत्तरेकडील डेरी शहराला १६१३ साली 'लंडनडेरी' हे नाव मिळाले. आजही कोण कोणते नाव घेतो यावरून तो कॅथलिक की प्रोटेस्टंट, याचा अंदाज बांधला जातो.

मग पूर्वजांचे दुःख विसरावे काय? नाही. ज्यांनी पावसात उभे राहून मिस्सा ऐकली, त्यांचे ऋण मोठे आहे. पण तो खडक वेदी होता. वेदीपाशी अर्पण आणताना भावाशी वितुष्ट आठवले, तर आधी समेट करावा, असे प्रभू येशू शिकवतो (मत्तय ५:२३-२४).

मननासाठी: घरातील कोणत्या जुन्या भांडणाची गोष्ट आपण मुलांना सांगतो? ती सांगताना त्यांच्या हाती श्रद्धा देतो की वैर?