केमो संपली, आता पुढे?



कर्करोग झाला की कुठे जायचे, कुठले डॉक्टर, किती खर्च, हे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. उपचार संपल्यावर घरी काय करायचे, हे सांगणारे कोणी सहसा भेटत नाही. आम्हा भावंडांना तरी भेटले नाही. दोन वर्षांपूर्वी आईच्या स्तनाच्या कर्करोगाची शेवटची केमो झाली आणि आम्हाला वाटले, सुटलो. पुढचे वर्षभर काय काय शिकावे लागले ते आज लिहीत आहोत. आईला विचारूनच लिहीत आहोत. तिची एकच अट होती : "माझं कौतुक लिहू नका, चुका लिहा."

तर पहिली चूक. शेवटच्या केमोनंतर दहाव्या दिवशी आम्ही आभाराचा मिस्सा ठेवला आणि मिस्सानंतर घरी जेवण. पन्नास-साठ माणसे आली. धाटाव, रोहा, कोलाड, सगळीकडून. प्रत्येकाने आईचा हात हातात घेतला, लहान मुलांनी पापे घेतले. आई दिवसभर खुर्चीत बसून हसत होती. दुसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून १०२ ताप आला आणि पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले. आभार मानण्यात काही चूक नव्हती. दिवस चुकला होता.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. केमोचे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण केसांची मुळे, तोंडाचे आतले अस्तर, आतडी आणि हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होते, त्या पेशीही तशाच. म्हणून केस जातात, तोंड येते, जुलाब होतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. बहुतेक औषधांत डोस दिल्यापासून साधारण सात ते चौदा दिवसांत त्या सर्वांत कमी असतात आणि तीन-चार आठवड्यांत पुन्हा वाढतात. आमचा दहावा दिवस नेमका त्या खड्ड्यात पडला. शेवटचा डोस असला तरी तोही एक डोसच असतो, हे आमच्या डोक्यातच आले नव्हते.

म्हणून एक गोष्ट कपाटाच्या दारावर लिहून ठेवावी अशी आहे. केमो चालू असताना किंवा नुकतीच संपलेली असताना ताप १००.४ किंवा त्याहून वर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. त्याच वेळी, मध्यरात्र असली तरी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवायचे आणि रुग्णालय गाठायचे. घरात थर्मामीटर हवाच. कपाळाला हात लावून ताप मोजण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही.

आता थकव्याविषयी. हा विषय आम्ही जरा सविस्तर लिहिणार आहोत, कारण घराघरांत भांडणे याच्यावरूनच होतात. केमोचा थकवा कामाच्या थकव्यासारखा नसतो. तो झोपून जात नाही. आई आठ तास झोपून उठायची आणि वेणी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "भात लावण्याएवढीसुद्धा ताकद नाही." शेजारपाजारचे म्हणायचे, आता औषध बंद झाले ना, मग? आम्हीही, तोंडाने नसले तरी मनात, तेच म्हणत होतो. तिसऱ्या महिन्यात धाकट्याच्या तोंडून एकदा निघून गेले, "आई, तू आता बरी झालीस की." ती काही बोलली नाही. उठून ओट्याशी गेली, चार पोळ्या लाटल्या आणि पाचवीला पोळपाटावर हात टेकून उभी राहिली. ती पाचवी पोळी आम्ही कोणी विसरलेलो नाही. हा थकवा काही महिने राहतो, काहींना वर्षभर आणि त्याहूनही जास्त. तो आळस नाही आणि रोग परत आल्याची खूणही बहुतेक वेळा नसते. मात्र डॉक्टरांना सांगायलाच हवा, कारण त्यामागे कधी रक्त कमी असते, कधी थायरॉइड बिघडलेले असते, कधी मन खचलेले असते, आणि या तिन्हींवर उपाय आहेत.

सामान्य काळातल्या १९व्या रविवारी, 'ब' वर्षात, एलिया संदेष्ट्याचे वाचन येते. एलिया जीव वाचवण्यासाठी पळालेला असतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देवदूत येतो. तो एलियाला विश्वास कमी पडला म्हणून रागवत नाही, उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो! दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही आधी खायलाच सांगतो, कारण वाट लांबची आहे. हे वाचन आम्ही किती वेळा ऐकले असेल, पण त्यातली ती दुसरी झोप आईच्या आजारपणानंतरच कानावर पडली.

पण एलिया नंतर उठून चालू लागतो, हेही खरे. केमोच्या थकव्यावर आज सर्वांत खात्रीचा उपाय कोणता, तर थोडे थोडे चालणे. ऐकायला उलटे वाटते. नुसते पडून राहिल्याने स्नायू गळतात आणि थकवा वाढत जातो. आईने सुरुवात केली ती घराच्या पायरीपासून फाटकापर्यंत. आठवडाभर तेवढेच. मग शेजारच्या दुकानापर्यंत. मग मुख्य रस्त्यापर्यंत. वेळ मात्र निवडून. वसाहतीतल्या कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर गर्दी आणि धूळ, आणि एखाद्या संध्याकाळी वाऱ्यावर येणारा रसायनांचा वास तिला त्या दिवसांत अजिबात सोसत नव्हता. म्हणून सकाळी लवकर. ज्या दिवशी बरे वाटेल त्या दिवशी एकदम दुप्पट चालायचे नाही, हा नियम तिनेच मोडून मग तिनेच केला.

चालण्याचा फायदा केवळ थकव्यापुरता नाही, असे आता दिसते आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांवर कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इतर काही देशांत अनेक वर्षे अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला व्यायामाची फक्त माहितीपत्रिका दिली. दुसऱ्या गटाला तीन वर्षे मार्गदर्शक देऊन व्यायाम करून घेतला, साधारण आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास ते तासभर झपझप चालण्याइतका. आठ वर्षांनी पहिल्या गटातले शंभरात ८३ हयात होते, दुसऱ्या गटातले ९०. हा अभ्यास एका प्रकारच्या कर्करोगापुरता आहे, हे लक्षात ठेवावे. तरी माहितीपत्रिका वाचणे आणि कोणीतरी सोबत चालणे, यांतला फरक आम्हाला फार बोलका वाटतो. कुठला व्यायाम किती, हे मात्र आपापल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. हृदयावर परिणाम करणारी काही औषधे केमोत असतात.

खाण्याचे थोडक्यात सांगतो. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्यावा. मोठी दोन जेवणे जात नसतील तर सहा लहान करावीत. झीज भरून यायला प्रथिने लागतात : अंडे, मासे, मूग, वाल, दही, ज्याला जे चालेल ते, पण नीट शिजवलेले आणि ताजे. आईला ताज्या बोंबलाचे पातळ कालवण आणि मऊ भात चालला, सुकटीचा वास चालेना. नाचणीची आंबील चालली. काढे, भस्मे, कुणाच्या तरी पुतण्याला गुण आलेली पावडर, या गोष्टी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात घालू नयेत, मग आणणारा कितीही जवळचा असो. आमच्याकडे अशा सात पुड्या जमल्या होत्या. प्रेमाने दिलेल्या होत्या, म्हणून फेकायलाही जड गेले.

काही औषधांनी हातापायांची बोटे बधिर होतात. ते हळूहळू कमी होते, काहींचे पुरते जात नाही. अशा बोटांनी विळीवर बसणे धोक्याचे. आईचे बोट कापले आणि तिला रक्त दिसल्यावरच कळले. अंघोळीचे पाणी कोपराने पाहावे, घरातही पायात चप्पल असावी, बाथरूममध्ये पाय घसरणार नाही अशी चटई असावी. विसरही पडतो. आई जपमाळेचे रहस्य अर्ध्यात विसरायची आणि रडायची. वेड लागत नाही, केमोनंतर हे अनेकांना होते आणि बहुतेकांचे काही महिन्यांत सुधारते. तोवर वहीत लिहून ठेवावे. केस दोन-तीन महिन्यांत परत येऊ लागतात, कधी वेगळेच. आईचे सरळ केस कुरळे उगवले. नातवंडांना फार आवडले.

एक विनंती. आजाऱ्याला दुसऱ्याचे दाखले देऊ नयेत. शरद पवारांना २००४ साली तोंडाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ते केंद्रात कृषिमंत्री झाले, उपचार घेत काम करत राहिले. हे खरे आहे आणि धीर देणारे आहे. पण आईला हे इतक्या जणांनी सांगितले की शेवटी ती म्हणाली, "त्यांना स्वयंपाक करावा लागत नव्हता." त्यापेक्षा त्याच वाटेने गेलेल्या माणसाशी बोलणे कामी येते. मुंबईत व्ही केअर ही संस्था वंदना गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून बाहेर पडल्यावर १९९४ साली सुरू केली, आणि तिथले कितीतरी स्वयंसेवक स्वतः रुग्ण होते, यामागे हेच कारण आहे.

तपासणीच्या तारखेआधीचा आठवडा सर्वांत वाईट. रोह्याहून पनवेल, पुढे गाडी बदलून परळ, आणि सगळ्या वाटेत आई खिडकीबाहेर बघत गप्प. आम्ही "काही होणार नाही" म्हणायचो. आता म्हणत नाही, डबा घेऊन शेजारी बसतो. परळचे टाटा रुग्णालय सर्वांना माहीत आहे. खारघरला त्याचेच केंद्र आहे, आपल्याला ते जवळ. रेल्वेची सवलत घ्यायला विसरू नये : रुग्णालयाकडून फॉर्म भरून आणला की उपचाराला किंवा ठरलेल्या तपासणीला जाताना कर्करुग्णाला द्वितीय श्रेणीत ७५ टक्के आणि स्लीपरमध्ये पूर्ण सवलत असते, सोबतच्या एकालाही ७५ टक्के असते.

मंदिरातल्या गोष्टींविषयी दोन शंका आम्हाला वारंवार विचारल्या जातात. पहिली, रुग्णाभ्यंगाची. फादरांना बोलवा म्हटले की घरात रडारड सुरू होते, जणू शेवटच आला. हा संस्कार मरणाऱ्यांपुरता नाही, गंभीर आजारी असलेल्या कोणालाही आहे, आणि आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे स्पष्ट केले आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा आजचा विधी ठरवून दिला. आईने तो पहिल्या केमोआधी घेतला होता. दुसरी शंका उपवासाची. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवास आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना बंधनकारक नाही. चाळिसात एका आजारी बहिणीने औषधाच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्याचे आम्हाला माहीत आहे. तिने तसे करायला नको होते, आणि तिला हे आधी कोणीतरी सांगायला हवे होते.

आई आता रविवारी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते, वारा येतो म्हणून. शांतीच्या वेळी हात जोडते, हातात हात देत नाही, ते कोणी मनावर घेऊ नये. रोज सकाळी सहाला ती चालायला निघते. पाऊस नसेल तर मुख्य रस्त्यापर्यंत आणि परत, पाऊण तास लागतो. उपचार संपलेले आपल्यापैकी कोणी सोबत येणार असेल तर मिस्सानंतर त्या बाकापाशी भेटावे. पहिल्या आठवड्यात फाटकापर्यंतच जायचे आहे.