निऑनचा दिवा रंगमंचावर मंद कसा करावा?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विजेवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु स्नेहसंमेलनाच्या नाटकाचा हिशेब ज्याच्याकडे असतो, त्याला बिल चुकते करण्याआधी दिवाही समजून घ्यावा लागतो. एकांकिकेत लॉजची लाल पाटी हवी असते आणि दिग्दर्शक म्हणतो, "शेवटी ती हळूहळू विझू दे." अडचण इथेच सुरू होते.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, तो काळ तेलाच्या दिव्यांचा. वात मागे ओढली की उजेड कमी. पुढे आलेल्या बल्बमधील तार तापून प्रकाशते. व्होल्टेज उतरवले की ती निवते आणि उजेड तांबूस होत मावळतो. निऑनच्या नळीत तापणारी तारच नाही. १८९८ साली लंडनमध्ये रॅमसे व ट्रॅव्हर्स यांनी हा वायू शोधला आणि १९१० साली पॅरिसमध्ये जॉर्ज क्लॉद यांनी त्याच्या नळ्या लोकांना उजळून दाखवल्या. येथे विरळ वायूच प्रकाश देतो. त्यातून वीज वाहू लागण्यास फार मोठा दाब लागतो. पाट्यांचे ट्रान्सफॉर्मर १५,००० व्होल्टपर्यंत दाब देतात.

आता मुख्य मुद्दा. नळी पेटण्यास जेवढा दाब लागतो, त्यापेक्षा कमी दाबावर ती पेटती राहते. म्हणून उतरताना ती बरीच मंद होते, मग फडफडते आणि विझते. चढताना मात्र एकदम पेटते. आमच्याकडचा वायरमन "निधान, निधान" म्हणत कितीही सावकाश मूठ फिरवो, पाटी अंधारातून हळूहळू उगवणार नाही. तेव्हा प्रवेश बसवतानाच निऑनला मावळण्याचे काम द्यावे, उगवण्याचे नव्हे.

मूठ फिरवायची ती डिमरस्टॅटची, आणि तो जोडायचा ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूस. ट्रान्सफॉर्मर जुन्या पद्धतीचा, लोखंडी गाभ्याचा हवा. इलेक्ट्रॉनिक असेल तर हा उपाय करू नये. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा, लाट कापणारा डिमरही टाळावा. त्याने ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. नाइलाज असेल तेव्हा जाणकार मंडळी ट्रान्सफॉर्मरला समांतर एक १०० वॅटचा बल्ब विंगेत झाकून जोडतात. त्याच्या भारामुळे डिमर काहीसा ताळ्यावर येतो. संध्याकाळी व्होल्टेज पडण्याची सवय आपल्या तालुक्यांना आहेच. मंद केलेली नळी अशा वेळी भलत्याच क्षणी विझते, म्हणून तालीम प्रयोगाच्याच वेळेस घ्यावी.

नळीकडील बाजूस कोणीही हात लावू नये. तेथील सुमारे ३० मिलिॲम्पियरचा प्रवाह छातीतून गेल्यास प्राण जाऊ शकतो. पोरांची धावपळ, ओले कापड, पत्र्याचा मंडप अशा ठिकाणी मी तरी खऱ्या निऑनच्या भाड्यास मंजुरी देणार नाही.

त्याऐवजी बारा व्होल्टची एलईडी पट्टी, जी बाजारात निऑन म्हणूनच विकतात, पुष्कळ बरी. तिच्या जोगा डिमर घेतला तर ती चढतेही हळू. तिला ती शेवटची फडफड नाही, एवढेच. कलबुर्गी किंवा बीदरच्या रंगमंदिरात जाणता तंत्रज्ञ असेल आणि खरी पाटीच हवी असेल, तर लाल जिलेटिनचा एक साधा स्पॉट पाटीलगतच्या भिंतीवर टाकावा आणि मंद करायचा तो स्पॉटच. भिंतीवरची लाली ओसरली की प्रेक्षकांना पाटीच मावळल्यासारखी भासते. मग नळीचे बटण बंद करावे.