कॅरॅव्हॅनच्या आधी गाडी

लीड्स,
मार्चअखेर

चि. ओंकार यास,


सेकंड हँड कॅरॅव्हॅन घ्यायची ठरवलीस हे वाचून मनापासून आनंद झाला. उन्हाळ्यात दादा-वहिनी येतील तेव्हा त्यांना हॉटेलांच्या खोल्यांतून फिरवण्यापेक्षा आपल्या चहा-पोह्यांसकट डोंगरांपाशी न्यावं, ही कल्पना मला फार आवडली. पण तुझ्या पत्रात कॅरॅव्हॅनबद्दल दोन पानं आहेत, पलंग कसे उघडतात, शॉवर कुठे आहे वगैरे, आणि ती ओढणाऱ्या गाडीबद्दल एकच ओळ: "गाडी आहेच, पॉवर भरपूर आहे." त्या ओळीमुळे माझं हे पत्र लांबणार आहे.

सपाट रस्त्यावर बहुतेक गाड्या कॅरॅव्हॅन ओढतात. खरी परीक्षा होते ती उतारावर, आडव्या वाऱ्यात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना. तेव्हा मागचं सव्वा-दीड टनाचं घर गाडीला पुढे ढकलत असतं. ते ताब्यात राहील की नाही हे मुख्यतः वजनावर ठरतं, इंजिन कितीही दांडगं असो. म्हणून आधी वजन बघ, बाकीचं मागाहून.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक छोटी पाटी असते. तिच्यावर एकाखाली एक चार आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे माणसं-सामानासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन. दुसरा म्हणजे गाडी आणि मागे जोडलेलं सगळं मिळून जास्तीत जास्त वजन. खालचे दोन पुढच्या आणि मागच्या आसाचे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी किती ओढू शकते ते कळतं. दुसरा आकडाच नसेल तर त्या गाडीने काही ओढायचं नाही, विषय संपला. तुझी गाडी हायब्रिड आहे म्हणून हे मुद्दाम लिहिते. काही हायब्रिड गाड्यांना ओढण्याची परवानगी मुळातच दिलेली नसते, आणि विकणारा ते आपणहून सांगेलच असं नाही.

पाटीवरचा आकडा ही गाडीची कमाल ताकद. नवशिक्याने त्याच्या बरंच अलीकडे थांबायचं. इथल्या कॅरॅव्हॅनवाल्यांचा जुना दंडक असा की सामानासह कॅरॅव्हॅनचं कमाल वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपुढे जाऊ नये. हात बसला की थोडं वर जाता येतं, पण १०० टक्क्यांपलीकडे कोणीच जाऊ नये. हा कायदा नव्हे, पण मी तो कायद्यासारखाच पाळते.

आता तुझा हिशेब बघ. तू कॅरॅव्हॅनचं वजन १,१८० किलो धरलं आहेस. ते कारखान्यातून बाहेर पडतानाचं वजन. तिचा एमटीपीएलएम, म्हणजे भरलेल्या अवस्थेतली कायदेशीर कमाल मर्यादा, तूच पाठवलेल्या माहितीत १,३३० आहे. तुझी गाडी १,५०० किलोची. १,१८० घेतलं तर ७९ टक्के येतात आणि सगळं छान दिसतं. १,३३० घेतलं की जवळजवळ ८९ टक्के. मधले दीडशे किलो भरायला वेळ लागत नाही. बॅटरी वीसेक किलो, ऑनिंग (बाजूला जोडायचा तंबू) पंचवीस-तीस, जागेवर हलवायची मोटर बसवलेली असेल तर आणखी तीसेक, मग गॅस, खुर्च्या, अंथरुणं. त्यात आपल्या घरची १० किलोची तांदळाची पिशवी, कुकर आणि मिक्सर. या कॅरॅव्हॅनला साधारण १,५६५ किलोची गाडी हवी. आणि गाडीचं वजन वाचताना त्यात ड्रायव्हरचे ७५ किलो धरले आहेत का तेही तपास, कारण बऱ्याच माहितीपत्रकांत ते धरलेले असतात.

म्हणजे एक तर कॅरॅव्हॅन हलकी घे, नाहीतर गाडी बदल. माझं मत विचारशील तर गाडी बदल, कारण माणसं पाच आहेत: तू, ईशा, शमिका आणि दादा-वहिनी. पाच जण, डिकीतलं सामान आणि टो-बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या जोडाच्या गोळ्यावर, येणारा भार, हे सगळं गाडीच्या स्वतःच्या मर्यादेत बसायला हवं. वहिनीला गाडी लागते, ती म्हणेल मी मागे आडवी होते. ऐकू नकोस. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवायला इथे कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

गाडी शोधताना कमी आरपीएमला जोर देणारं इंजिन बघ. म्हणूनच कॅम्प साइटवर अजून इतक्या डिझेल गाड्या दिसतात. मागचा आस आणि टो-बॉल यांत जितकं कमी अंतर तितकी कॅरॅव्हॅन गाडीला कमी हलवते, आणि चाकांमधली लांबी जास्त असेल तर उत्तमच. या कारणांनी मला उंच एसयूव्हीपेक्षा स्कोडा सुपर्ब किंवा पासाटसारखी लांब एस्टेट जास्त पसंत आहे. फोर-व्हील ड्राइव्हचा खरा उपयोग ओल्या गवतावरून बाहेर पडताना होतो. परवडत असेल तर घे, पण त्यासाठी अडून बसू नकोस. ईशाला इलेक्ट्रिक हवी आहे हे कळलं. ओढण्याची परवानगी असलेल्या इलेक्ट्रिक गाड्या आता आहेत, पण कॅरॅव्हॅन जोडली की एका चार्जमधलं अंतर निम्म्याच्या आसपास येतं, आणि बऱ्याच चार्जिंगच्या जागी कॅरॅव्हॅन सोडून मगच गाडी आत घालावी लागते. दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन लांबच्या पल्ल्याला निघायचं असेल तर यंदा तरी नको.

परवान्याची चिंता नको. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार परवान्यावरही ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा राहिलेली नाही. पण परीक्षा गेली म्हणून शिकायचं टाळू नकोस. दोन्ही मोठे क्लब, १९०७ साली स्थापन झालेला कॅरॅव्हॅन क्लब (आता त्याच्या नावात मोटरहोमही आलं आहे) आणि त्याहून जुना कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब, नवख्यांसाठी वर्ग घेतात. रिव्हर्स तिथेच शीक. मोकळ्या मैदानात शांतपणे शिकवतात आणि नवरा-बायकोची भांडणं टळतात.

सामान भरणं ही निम्मी सुरक्षितता आहे. जड वस्तू खाली, जमिनीवर, आसाच्या वर किंवा किंचित पुढे ठेव. वरच्या कपाटांत टॉवेल आणि पोह्यांची पाकिटं, कुकर नाही. मागच्या टोकाला जड काही ठेवलं की पुढचं टोक हलकं होतं आणि कॅरॅव्हॅन डुलायला तयारच होते. पाण्याची टाकी रिकामी करून निघ. ४० लिटर म्हणजे ४० किलो. कॅरॅव्हॅनच्या नाकाचा टो-बॉलवर येणारा भार तिच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. तुझ्या बाबतीत ६५ ते ९० किलो, पण गाडीची आणि टो-बारची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच खरी. मोजायचं सोपं आहे. चाकांना ठोकळे लाव, घरातला वजनकाटा नाकाखाली ठेव, त्यावर लाकडाचा उभा तुकडा धर आणि जॉकी व्हील (नाकाखालचं छोटं चाक) हळूहळू वर घे. कॅरॅव्हॅन सपाट असताना काटा दाखवेल तो भार. दर वेळी सामान बदललं की पुन्हा मोज.

तुझ्या कॅरॅव्हॅनला डुलणं आवरणारा स्टॅबिलायझर असेल तर त्याच्या आतल्या पट्ट्या टो-बॉलला घट्ट दाबून धरतात, म्हणून बॉलवर ग्रीस किंवा रंगाचा अंशही नको. ब्रेकअवे केबल विसरू नकोस. जोड सुटलीच तर तीच मागचे ब्रेक ओढते. कॅरॅव्हॅन गाडीच्या मागच्या बाजूपेक्षा रुंद असेल तर जादा आरसे लावावेच लागतात. टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे वाच: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खोबणी नव्यासारखी दिसली तरी पाच वर्षं उलटली की टायर बदल. उभ्या राहणाऱ्या कॅरॅव्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

मोटरवेवर आणि दुहेरी रस्त्यावर ताशी ६० मैल, साध्या रस्त्यावर ५०, आणि तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवी लेन आपली नाही. मोठा ट्रक किंवा कोच बाजूने गेला की हवेचा लोट कॅरॅव्हॅनला आधी ढकलतो, मग ओढतो. आरशात तो येताना दिसला की स्टेअरिंग दोन्ही हातांनी स्थिर धर. तरीही मागे डुलायला लागलंच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचल, स्टेअरिंग सरळ ठेव आणि गाडीला आपोआप मंद होऊ दे. ब्रेक मारावासा वाटेल, वेग वाढवून सरळ करावंसं वाटेल, उलट वळवावंसं वाटेल. यातलं काहीही करायचं नाही. आपल्याकडचे एसटीचालक ज्या गियरने घाट चढतात त्याच गियरने उतरतात, तो नियम इथेही पाळ, आणि उतार सुरू होण्याआधीच खालचा गियर टाक.

आता तुझा मार्ग. पिकरिंगजवळची साइट चांगली निवडलीस. ए१(एम) वरून ए६४ धर, यॉर्कला वळसा घालून मॉल्टन, तिथून ए१६९. पण पुढे लेक डिस्ट्रिक्टला जाताना ए१७० ने थर्स्ककडे जायचं लिहिलं आहेस, ते खोडून टाक. त्या वाटेवर सटन बँक आहे, चारास एक उतार, आणि तिथे कॅरॅव्हॅनला बंदी आहे. साधा सॅटनॅव्ह हे सांगत नाही. आल्या वाटेने मॉल्टनवरून परत ये. व्हिटबीला जायचं तर कॅरॅव्हॅन साइटवरच ठेव आणि नुसती गाडी ने. वाटेत स्लाइट्सपाशी ब्लू बँक लागते, पाचास एक. दादाला तिथून समुद्र दाखव, त्याला फार आवडेल.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये हार्डनॉटच्या खिंडीचं नावही काढू नकोस. तिथे काही ठिकाणी तिनास एक चढ आहे.

बयाणा देण्याआधी दोन्ही पाट्यांचे, गाडीच्या आणि कॅरॅव्हॅनच्या, फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. टो-बार कोणता बसवणार तेही कळव. आकडे जुळले नाहीत तर विकणाऱ्याला स्पष्ट नाही म्हण, एप्रिलमध्ये दुसऱ्या बऱ्याच निघतात.

सौ. ईशाला आशीर्वाद, शमिकाला गोड पापा.

तुझी,
आत्या