फुकट चटणीचा हिशेब

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याचें उत्तर देतां देतां एका तासाचे चार तास झाले, आणि तरी तें पुरें झालें असें आम्हांस वाटत नाहीं. तो प्रश्न व त्यांतून निघालेला विचार वार्षिकाच्या वाचकांपुढें, विशेषतः पालकवर्गापुढें, मांडावा म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रसंग असा घडला. चार मित्रांनीं शनिवारीं एका झटपट खाद्यगृहांत जावयाचें ठरविलें. आमच्या विद्यार्थ्यास घरून १६० रुपये मिळाले होते. मुलगा हिशेबी. बर्गर, बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या व शीतपेय मिळून १४९ रुपये, असा भाव त्यानें फलकावर आधींच पाहून ठेविला होता. उपाहारगृहांतील खाण्यावर शेंकडा ५ प्रमाणें वस्तु व सेवा कर पडतो हें आम्हींच वर्गांत शिकविलेलें. तोहि त्यानें धरला. कर ७ रुपये ४५ पैसे, एकूण १५६ रुपये ४५ पैसे, शिल्लक ३ रुपये ५५ पैसे. इतकी तयारी करून तो गल्ल्यापाशीं उभा राहिला.

गल्ल्यावरच्या तरुणानें विचारलें, "चीज घालूं का?" मुलगा म्हणाला, "घाला." "सोबत सॉस देऊं?" "द्या." पडद्यावर आंकडा उमटला तो १९३ रुपये २० पैसे. चीजचे २५, सॉसच्या वाटीचे १०, आणि ह्या ३५ रुपयांवरहि कर. मागें रांग, आणि रांगेंत तिघे मित्र. मुलगा "माझें पोट दुखतें आहे" म्हणून बाजूस झाला, आणि मित्रांचें खाणें होईपर्यंत दाराबाहेर उभा राहिला. सोमवारीं त्यानें आम्हांस विचारलें: "सर, त्यानें मला विचारलें तें आवडीविषयीं, कीं पैशांविषयीं?"

प्रश्नाचा अर्धा भाग व्याकरणाचा आहे व अर्धा अर्थशास्त्राचा. "घालूं का?" हे शब्द आपल्या घरांत यजमानीण पाहुण्यास उद्देशून बोलते. "वाढूं का?" ह्याला नाहीं म्हणणें आपल्याकडे थोडें उद्धटपणाचें समजतात. तेच शब्द दुकानांत आले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनांत घराचा अर्थ उभा राहतो, आणि बिलांत मात्र दुकानाचा अर्थ उतरतो. आम्ही स्वतः जाऊन तो फलक पाहिला. चीजचा भाव अगदीं तळाशीं, चष्मा लावून वाचावा अशा अक्षरांत होता. सॉसचा भाव कोठेंच नव्हता. १४९ वर ३५ म्हणजे शेंकडा साडेतेवीस. घासाघीस करून कोणी भाजीच्या भावांत एवढा फरक पाडला तर आपण त्याची चार घरीं वाखाणणी करतों!

येथपर्यंत वर्ग एकमतानें दुकानदाराच्या विरुद्ध होता. परंतु एकपक्षीं निकाल देणें बरें नव्हे, म्हणून आम्हीं पुढील तासास जरा मागची हकीकत सांगितली.

मापावर थोडें अधिक देण्याची चाल फार जुनी व सर्वदेशीय आहे. आपल्याकडे धान्य मापतांना मापाला शीग भरीत. लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत मापाची जी उपमा आहे, ती अशीच कोणा उदार मापाड्यास पाहून सुचलेली असावी. आजहि मंडईंत भाजी घेतल्यावर मूठभर कोथिंबीर मागणें कोणास लाजिरवाणें वाटत नाहीं, आणि पाणीपुरीवाल्यापुढून शेवटची सुकी पुरी घेतल्यावांचून कोणी हालत नाहीं. अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहरीं दुकानदारानें गिऱ्हाइकास वर दिलेल्या अशा लहानशा देणगीला ‘लान्याप’ असें खास नांव आहे. मार्क ट्वेन ह्यानें १८८३ सालच्या आपल्या मिसिसिपी नदीवरील पुस्तकांत ह्या शब्दाचें मोठें कौतुक केलें आहे. इंग्लंडांत १२६६ च्या सुमारास पावाच्या वजनाचा कायदा झाला. वजन कमी भरल्यास शिक्षा होई, म्हणून भट्टीवाले डझनास तेरावा पाव देऊं लागले असें सांगतात. तेथें औदार्यापेक्षां भीतीचा भाग अधिक होता!

फुकट देण्यामागें धूर्तपणाहि असूं शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील मद्यगृहांत एक पेला विकत घेणाऱ्यास दुपारचें जेवण फुकट मिळे. त्या जेवणांत खारवलेलें मांस, खारट बिस्किटें व चीज ह्यांचा भरणा असे. खारट खाऊन तहान लागे, व तहान लागली कीं दुसरा पेला, तिसरा पेला. जेवणाची किंमत दारूंतून वसूल होई. ‘फुकट जेवण म्हणून कांहीं नसतें’ अशी जी म्हण इंग्रजींत पडली, तिचें मूळ ह्या मद्यगृहांत आहे.

परंतु आमच्या विद्यार्थ्यांस सर्वांत आवडली ती ‘ऑटोमॅट’ नांवाच्या खाद्यगृहांची गोष्ट. हॉर्न व हार्डार्ट ह्या जोडीनें १९०२ सालीं फिलाडेल्फिया येथें व १९१२ सालीं न्यूयॉर्क येथें हीं खाद्यगृहें काढलीं. भिंतींत काचेच्या लहान लहान दारांचे कप्पे. प्रत्येकांत एक पदार्थ. फटींत पांच सेंटांचें नाणें टाकावें, मूठ फिरवावी, दार उघडावें. वाढपी नाहीं, बक्षिशी नाहीं, कोणी कांहीं विचारणारा नाहीं. कॉफी डॉल्फिन माशाच्या तोंडाच्या तोटींतून येई, तीहि पांच सेंटांस. मेजावर केचपच्या बाटल्या मात्र उघड्या ठेवलेल्या असत, आणि चहासाठीं ऊन पाणी फुकट मिळे. १९२९ नंतर जी मंदी आली, तींत लाखों लोक बेकार झाले. अशा लोकांनीं ह्या खाद्यगृहांत यावें, पेल्यांत ऊन पाणी घ्यावें, त्यांत केचप ओतून ढवळावें, आणि टोमॅटोचें सार म्हणून तें प्यावें! कोणी बर्फाच्या चहासाठीं ठेवलेल्या लिंबाच्या फोडी व साखर घेऊन सरबत करी. एक पैहि न देतां गरीब मनुष्य मेजापाशीं इभ्रतीनें बसूं शके.

ह्या गोष्टीवर वर्गांत बराच वेळ शांतता होती. मग एका मुलीनें विचारलें, "त्या केचपचे पैसे कोण देत होतें?" प्रश्न मार्मिक होता. पैसे देत होतें शेजारच्या मेजावर पाव-भाजी व कॉफी विकत घेणारें गिऱ्हाईक, आणि कांहीं अंशीं मालक. कॉफीचा भाव पांच सेंटांवर १९५० पर्यंत टिकला. मग तो एकदम दुप्पट, म्हणजे दहा सेंट, करावा लागला. कारण फट पांच सेंटांच्या नाण्याचीच होती व त्या यंत्रांत सहा किंवा सात सेंट घेण्याची सोयच नव्हती. असलें शेवटचें दुकान न्यूयॉर्कांत १९९१ सालीं बंद झालें.

आतां आजच्या झटपट खाद्यगृहाकडे वळूं. मॅक्डोनल्ड बंधूंनीं १९४८ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन बर्नार्डिनो येथें आपली नवी पद्धति सुरू केली, तेव्हां बर्गरचा भाव १५ सेंट होता, आणि प्रत्येक बर्गरावर केचप, मोहरी, कांदा व काकडीच्या लोणच्याच्या दोन चकत्या ठराविक असत. निवड नाहीं, म्हणून वरचे पैसेहि नाहींत. सर्वांस एकच घास, म्हणून काम झपाट्यानें होई. पुढें १९७४ सालीं बर्गर किंग ह्या मंडळीनें ‘तुम्हांस हवा तसा घ्या’ अशी जाहिरात सुरू केली. आमच्या मतें, गिऱ्हाइकास निवड मिळाली तेथेंच ह्या जादा आकारणीचें बीं पडलें. कारण निवड म्हणजे निराळें काम, आणि निराळ्या कामाला निराळा दाम लावणें कठीण नसतें.

पुडी लहान दिसते, पण तिचा पसारा लहान नाहीं. महामारीच्या काळांत लोक खाणें घरीं नेऊं लागले, त्यामुळें २०२१ सालीं अमेरिकेंत केचपच्या पुड्यांचा तुटवडा पडला. तेव्हां हाइन्झ कंपनीनें उत्पादन सुमारें चतुर्थांशानें वाढवून वर्षाला १२०० कोटींवर पुड्या काढण्याचें जाहीर केलें. म्हणजे पृथ्वीवरील दर माणशीं दीड पुडी, तीहि एकाच कंपनीची. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियानें कायदा केला कीं, गिऱ्हाइकानें मागितल्यावांचून असल्या पुड्या व प्लॅस्टिकचे चमचे देऊं नयेत. जर्मनींत तर केचपचे निराळे पैसे मोजण्याचा प्रघात जुनाच आहे. अमेरिकन प्रवासी तेथें प्रथम चकित होतो व जर्मन गृहस्थ त्याच्या चकित होण्यानें चकित होतो. ट्युबिंगेन ह्या विद्यापीठाच्या गांवीं १ जानेवारी २०२२ पासून एकदां वापरून टाकावयाच्या पेल्यावर व वेष्टनावर ५० सेंट, आणि चमच्या-कांट्यावर २० सेंट असा नगरपालिकेचा कर आहे. तेथील मॅक्डोनल्डच्या दुकानाच्या चालकांनीं त्याविरुद्ध दाद मागितली. प्रकरण वरच्या न्यायालयांपर्यंत गेलें, आणि २०२५ च्या जानेवारींत जर्मनीच्या घटना-न्यायालयानें नगरपालिकेचा अधिकार मान्य केला. हे जादा पैसे दुकानदाराच्या खिशांत जात नाहींत, गांवाच्या तिजोरींत जातात. कारण कचरा उचलण्याचा खर्च गांवावर पडतो.

तेव्हां दुकानदाराची बाजू अगदींच लंगडी नाहीं. जो चीज खात नाहीं, त्यानें खाणाऱ्याचे पैसे कां भरावे? सॉस फुकट ठेविला तर एकजण एक पुडी घेईल, दुसरा मूठभर घेऊन अर्ध्या केरांत टाकील, आणि दोघांचें बिल सारखेंच. ह्या दृष्टीनें पाहतां, वेगळी आकारणी हीच अधिक न्याय्य ठरते. पण ‘वरचें’ कशाला म्हणावें ह्याचा विवेक हवा. गाईचें दूध ज्यांना पचत नाहीं, त्यांच्याकडून अमेरिकेंतील कॉफीगृहें सोयाबीनच्या अथवा बदामाच्या दुधाचे जादा पैसे घेत. त्यांना तें दूध चैन म्हणून नको असतें. ह्यावर फिर्यादीहि झाल्या, आणि स्टारबक्स ह्या मंडळीनें २०२४ च्या नोव्हेंबरांत तेथील आपल्या दुकानांत ती आकारणी सोडून दिली.

आमचा आक्षेप आकारणीवर नसून, ती सांगण्याच्या वेळेवर आहे. भाव आधीं एक सांगावयाचा, गिऱ्हाइकाचें मन त्यावर बसूं द्यावयाचें, आणि मग थेंबाथेंबानें तो वाढवीत न्यावयाचा, ही युक्ति आहे. आपल्या केंद्र सरकारनें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं संगणकावरील खरेदीसंबंधानें जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत फसवणुकीचे तेरा प्रकार सांगितले असून हा त्यांपैकीं एक आहे. बिलांत ‘सेवा-आकार’ परस्पर घालूं नये अशा सूचना ग्राहक-संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें दिल्या होत्या, व दिल्ली उच्च न्यायालयानें २०२५ च्या मार्चांत त्या उचलून धरल्या. पालकांनीं १९१५ हा ग्राहक-साहाय्याचा दूरध्वनि-क्रमांक टिपून ठेवावा. मात्र चीजच्या पंचवीस रुपयांसाठीं तो फिरवून उपयोग होणार नाहीं. भाव फलकावर होता, बारीक कां होईना.

इतकें सांगून झाल्यावर आम्हांस वाटलें कीं विषय संपला. पण डिसेंबरांत शाळेचा आनंदमेळावा भरला, आणि नववीच्या वर्गानें मिसळीचें दुकान मांडलें. मिसळीच्या दुकानांत आपल्याकडे सामान्यतः रस्सा मागाल तितका फुकट, व जादा पावाचे मात्र पैसे, असा रिवाज आहे. मुलांनीं फलक हातभर उंच अक्षरांत रंगविला: मिसळ व दोन पाव ४० रुपये, जादा पाव ५ रुपये, रस्सा, कांदा, लिंबू फुकट. तो दाराबाहेर उभा राहिलेला मुलगा गल्ल्यावर बसला होता. प्रत्येक गिऱ्हाइकास तो पावाचा भाव आधीं सांगे आणि मग "देऊं का?" असें विचारी.

११० ताटल्या खपल्या. रात्रीं हिशेब झाला तेव्हां लिंबांत खोट निघाली. ताटलीस पाव लिंबू धरून २८ लिंबें, म्हणजे १४० रुपये, असा अंदाज होता. प्रत्यक्ष ७० लिंबें लागलीं, त्यांचे ३५० रुपये झाले. वरचे २१० रुपये, ताटलीमागें जवळजवळ १ रुपया ९१ पैसे. मुद्दाम नजर ठेविली होती त्या एका मुलीनें सांगितलें कीं, निम्म्या फोडी ताटल्यांत तशाच पडून होत्या, कोणी पिळल्यासुद्धां नव्हत्या.

आतां वर्गांत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, पुढील वर्षीं मिसळ ४२ रुपये करावी व लिंबू फुकटच ठेवावें. दुसरा म्हणतो, मिसळ ४० च ठेवावी आणि दुसऱ्या फोडीस दोन रुपये घ्यावे. जो लिंबू खात नाहीं त्याच्यावर भार कां? आमचा हिशेबी विद्यार्थी दुसऱ्या तटांत जाईल असें आम्हांस वाटलें होतें. तो पहिल्या तटांत आहे. तो म्हणतो, मेळाव्याला नेमके चाळीस रुपये घेऊन येणारीं मुलें असतात, त्यांनीं बेचाळीस घेऊन यावें हें त्यांना आदल्या दिवशीं सांगतां येईल. पण फोड मागतांना हात मागें घ्यावयास लावूं नये. मतदान जूनमध्यें व्हावयाचें आहे.