ज्वारी-बेदाण्याची नानकटाई

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा रोज बेकरीची नानकटाई मागतो. घरी पौष्टिक कशी करता येईल? (एक वाचक, कवठे महांकाळ)

उत्तर : शाळू आणि बेदाणा तुमच्या दारातच पिकतो, मग मैदा-साखर कशाला? एक वाटी शाळूचं पीठ मंद आचेवर खमंग भाजा, गार झाल्यावर त्यात एक वाटी कणीक मिसळा. निव्वळ ज्वारीच्या नानकटाईचा हातात घेताच भुगा होतो. त्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. डालड्याऐवजी पाऊण वाटी साजूक तूप, पाव वाटी किसलेला गूळ, चिमूटभर खायचा सोडा आणि वेलची घाला. कोमट पाण्यात भिजवून घट्ट वाटलेले बेदाणे तीन-चार चमचे पुरेत. ओव्हन नसेल तर कढईत मीठ तापवून, वर झाकण ठेवून भाजा. कडा बदामी झाल्या की काढा. ती बेकरीइतकी खुसखुशीत होणार नाही, पण मुलं आवडीने खातात.

मात्र गूळ ही साखरच, आणि बेदाण्यातही निम्म्याहून जास्त साखर असते. दिवसाला एक-दोनच द्या, नंतर चूळ भरायला लावा. मुलाला दमा असेल तर गंधकाची धुरी दिलेला पिवळा बेदाणा टाळा.