सात ते साडेआठ

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. २०२२ सालच्या ऑगस्टपासून तिथं रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि त्यासरशी घराघरातले टीव्ही, मोबाईल बंद होऊ लागले. साडेआठला दुसरा भोंगा. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यासाला बसायचं. मोठ्यांनी वाचावं, लिहावं, नाहीतर एकमेकांशी बोलावं. बातमी पार परदेशी माध्यमांपर्यंत पोचली. तुम्हीही ती तेव्हा मोबाईलवर वाचली असेल, दोन-चार ग्रुपवर पुढं पाठवली असेल. बहुतेक सात ते साडेआठच्या दरम्यानच.

पुढं पाठवताना त्यातला महत्त्वाचा भाग मात्र गळून गेला. कोरोनात शाळा बंद पडल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले. ज्यांची ऐपत नव्हती त्यांनीही हप्त्यावर फोन घेतले, कारण त्याशिवाय पोराचं वर्ष बुडालं असतं. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन पोरांच्या हातातच राहिला. पोरं लिहायला-वाचायला कंटाळतात, शाळेच्या आधी आणि नंतर फोनमध्येच असतात, हे शिक्षकांच्या लक्षात आलं. सरपंच विजय मोहिते यांनी भोंग्याची कल्पना मांडली तेव्हा गावातल्या पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. मग बायकांना एकत्र बोलावलं. त्यांनी आढेवेढे न घेता सांगून टाकलं, की मालिका बघायची सवय आम्हालाही जडलीय, बंद करायचं तर सगळ्यांनीच करू. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावानं ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून भोंगा सुरू झाला. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरून लोकांना समजावत राहिले.

मला विचाराल तर भोंगा पोरांसाठी कमी आणि मोठ्यांसाठी जास्त होता. पोरांना बंद करा म्हणून सांगायला आईबापाचा आवाज पुरतो. बापाला कोण सांगणार? त्याला गावाचा भोंगाच लागतो.

आपल्या घरी काय चाललेलं असतं ते आठवा. सांगलीच्या विश्रामबागेतला फ्लॅट असो नाहीतर साताऱ्याच्या शाहूपुरीतलं बंगलीवजा घर, संध्याकाळी आठला आजोबांच्या बातम्या मोठ्यानं चालू असतात. आई पोळ्या लाटता लाटता ओट्यावर टेकवलेल्या फोनवर एक डोळा ठेवून असते. बाबा सोफ्यावर रील बघत असतात आणि मान वर न करता ओरडतात, "ठेव तो फोन, दहावीला आहेस!" चौदा वर्षांच्या पोराला हसावं की रडावं ते कळत नाही. तो फोन उशीखाली सरकवतो. आपण म्हणतो, पोरगं लपवाछपवी करायला शिकलं.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे. "आमचा फोन कामाचा असतोय." असतोच, नाही कोण म्हणतंय? मळ्यातल्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवलेला असतो, लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसतो. ऊसतोडीचा, बँकेचा, साहेबांचा फोन येणार असतो. शाळेनंसुद्धा गृहपाठ ग्रुपवर टाकलेला असतो. तर मग घरातला एक फोन घंटी चालू ठेवून दाराजवळच्या फळीवर ठेवावा. वाजला तर उठून घ्यावा, बोलावं आणि पुन्हा तिथंच ठेवावा. काम फोनवर बोलून होतं. त्यानंतर अर्धा तास बोट सरकवत बसतो त्याला काम म्हणायचं, हे पोरं मान्य करत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

समजा, उद्यापासून तुम्ही हे केलंत. पहिले आठ-दहा दिवस वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवते. पोर घरभर फिरतं, फ्रीज उघडून बघतं, बहिणीची खोडी काढतं आणि दर पाच मिनिटांनी "बोअर होतंय" म्हणतं. होऊ द्या. लगेच चित्रकलेची वही, शब्दकोडं, छंदवर्ग असं काही त्याच्या हातात कोंबू नका. कंटाळलेलं पोर थोड्या वेळानं काहीतरी उकरून काढतंच: जुना रेडिओ खोलून बसेल, सायकलची चेन काढेल, नाहीतर आजीपाशी जाऊन "तू लहान असताना काय करायचीस गं?" असं विचारेल. आणि अवघडलेपण फक्त पोरांना येतं असं नाही. नवराबायकोलाही पहिल्या दिवसांत बोलायला विषय सापडत नाही. त्यावर उपाय मला ठाऊक नाही, पण हळूहळू सापडतो एवढं पाहिलंय.

आता बोलण्याविषयी. वाढत्या वयातल्या पोराला समोर बसवून "आज शाळेत काय झालं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही." हे पोलीस चौकशीसारखं वाटतं त्यांना. आपल्याकडं यावर एक जुना, बिनखर्चाचा मार्ग होता. भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेऊन सगळ्यांनी गोल बसायचं. हात गुंतलेले, नजर खाली. कुणी कुणाकडं बघत नाही, त्यामुळं बोलायला संकोच वाटत नाही. घेवडा मोडताना, लसूण सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना तेरा-चौदा वर्षांची पोरं अशा गोष्टी सांगून जातात की आपण हातातलं काम थांबवून बघत राहावं. पण थांबवू नये. काम चालू ठेवावं, "मग?" एवढंच म्हणावं. वर्गात कोण कुणाला चिडवतं, कोणत्या सरांची भीती वाटते, मिसरूड फुटलं म्हणून कोण हसलं, पाळी आली तेव्हा शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हतं, हे सगळं असंच बाहेर येतं. ऐकून लगेच उपदेश केला की दुसऱ्या दिवशी शेंगा फोडायला तुम्ही एकटे.

ज्या आईवडिलांचं शिक्षण कमी झालंय त्यांना वाटतं, हा दीड तास आपल्या कामाचा नाही, आपल्याला बीजगणित कुठं येतंय! त्यांनी पोराला मोठ्यानं वाचायला सांगावं. आई भाकरी थापते आहे, पोरगी इतिहासाचा धडा वाचते आहे, मधेच आई विचारते, "मग त्या राजाचं पुढं काय झालं गं?" पोरीला उत्तर देण्यासाठी धडा समजून घ्यावा लागतो. या अभ्यासाला क्लासची फी पडत नाही.

पैशांचंही याच वेळात बोलावं. तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरात ऐन काढणीत पाऊस आला की मणी तडकतात आणि घराची झोप उडते. कुठं व्यापारी माल उचलून पैसे न देताच पसार होतो. मोठी माणसं हे आतल्या खोलीत, हळू आवाजात बोलतात. पोरांना भिंतीपलीकडून अर्धवट ऐकू येतं आणि अर्धवट ऐकलेलं पूर्ण सांगितल्यापेक्षा जास्त घाबरवतं. बारा वर्षांच्या पोराला "यंदा बागेत नुकसान झालंय, सहलीचे पैसे पुढच्या वर्षी" असं सरळ सांगितलं तर ते रुसेल, पण समजून घेईल. पगारदारांच्या घरातही तेच. घराचा हप्ता किती, गाडीचा किती, हे सांगितल्यानं पोरांचं बालपण हिरावलं जात नाही. उलट "पप्पाकडं पैसे असून देत नाहीत" हा सल तरी राहत नाही.

कामाच्या बाबतीत मात्र आपण फार बिघडलो आहोत. हे मी अशा मुलखाला सांगते आहे, जिथं कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. स्वावलंबी शिक्षण हे त्या संस्थेचं ब्रीद. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केलं. निरनिराळ्या जातींची पोरं तिथं एका पंगतीला बसत आणि स्वयंपाकापासून पडेल ते काम स्वतः करत. पोरांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी दिवसा काम केलं आणि शिकून घर वर आणलं. त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या घरात आज वाक्य असतं, "त्याला काही सांगू नका, दहावीला आहे." दहावी झाली की बारावी, मग सीईटी. असं करत करत पोरगा अठरा वर्षांचा होऊन पुण्याच्या खोलीवर जातो आणि पहिल्या आठवड्यात फोन करतो, "मम्मी, भाताला शिट्ट्या किती?"

आणि "काही सांगू नका" हे फक्त मुलाला लागू असतं, हेही बोलायला हवं. मुलगी दहावीला असली तरी पाहुणे आले की चहा तीच टाकते. सायंकाळी डेअरीला दूध घालायला मुलगा जातो म्हणून त्याचं कौतुक, कारण ते बाहेरचं काम. ताट उचलणं, केर काढणं हे मात्र मुलीचंच. ज्या घरात दीड तास सगळे एकत्र बसतात तिथं ही वाटणी उघडी पडते. भाऊ वाचत बसलाय आणि बहीण तीनदा उठली, हे सगळ्यांना दिसतं. दिसलं की बदलायला सोपं जातं. बापानं स्वतः उठून ताटं घेतली तर बदल आणखी लवकर होतो.

मुलीच्या बाबतीत साताऱ्याच्या आदिती स्वामीचं नाव आता घरोघरी घेतलं जातं. २०२३ साली, सतराव्या वर्षी, बर्लिनमध्ये ती कंपाउंड धनुर्विद्येत मोठ्यांच्या गटात जगज्जेती झाली. शिक्षक असलेल्या वडिलांनी मुलांना खेळायला मिळावं म्हणून घर शेरेवाडीहून साताऱ्यात आणलं. त्यांनी मैदान दाखवलं, तिचं मन धनुष्यबाणावर बसलं. ही गोष्ट आपण पोरांना ऐकवतो ती कशी? "बघ, ती सतराव्या वर्षी जगात पहिली आली, नाहीतर तू!" वडिलांनी खेळ मुलीवर लादला नाही, हे सांगायचं राहून जातं. अकॅडमीत पोरगं घालण्याआधी त्याला दोन-तीन मैदानांवर नुसतं नेऊन उभं करायला काय हरकत आहे? आणि त्यातलं काहीच आवडलं नाही तर तेही चालेल की.

वाचनाचंही तसंच. आपल्याच साताऱ्यात, पाचगणीजवळ, भिलार हे स्ट्रॉबेरीचं गाव आहे. ४ मे २०१७ रोजी तिथं राज्य सरकारच्या पुढाकारानं पुस्तकांचं गाव सुरू झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तकं ठेवली होती. मला त्यातलं आवडतं ते हे, की पुस्तकं लोकांच्या राहत्या घरात, लॉजवर, देवळात आहेत. जावं, खुर्ची ओढावी, वाचावं. पोरांना घेऊन एखादा रविवार तिथं काढा. फक्त दोन पथ्यं पाळा. पुस्तक त्यांना निवडू द्या, मग ते भुताचं असलं तरी चालेल. आणि घाट उतरताना गाडीत "काय शिकलास त्यातून?" असं विचारू नका. तो प्रश्न पुढच्या दहा पुस्तकांवर पाणी फिरवतो.

प्रत्येक गावाला, प्रत्येक सोसायटीला वडगावसारखा भोंगा जमेल असं मला वाटत नाही. तिथं सगळे एकमेकांना ओळखतात, दारात येऊन सांगणारी आशाताई ओळखीची असते, शेजाऱ्याच्या टीव्हीचा आवाज आला तर लाज वाटते. शहरात शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हेही धड ठाऊक नसतं. पण दोन घरांनी मिळून ठरवलं तरी पुष्कळ सोपं जातं, कारण "त्यांच्याकडं तर चालतंय की" हे पोरांचं हुकमी हत्यार बोथट होतं. रोज दीड तास जमत नसेल तर अर्धा तास करा, रोज करा. रविवारी चार तास आणि मग आठवडाभर शून्य, याचा उपयोग होत नाही.

यंदा ज्यांच्या घरी नववी-दहावीचं पोर आहे त्यांना माझी विनंती आहे. क्लासची आगाऊ फी भरण्याआधी एक महिना हे करून बघा. पोराचा फोन मागायच्या आधी आईचा, बाबांचा, काकाचा फोन फळीवर जाऊ द्या आणि आजोबांच्या बातम्यासुद्धा साडेआठनंतरच लागू देत. आजोबा कुरकुरतील. त्यांना शेंगा फोडायला बसवा.